दिव्यातलं तेल आणि दाराशी बसलेला ब्रदर

तेल साधंच होतं. कॅनडातल्या माँट्रियल शहराच्या कोत-दे-नेज भागात नोत्र-दाम नावाचं कॉलेज आहे. त्याच्या चॅपेलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहात, येशूचा सांभाळ करणाऱ्या संत योसेफाच्या पुतळ्यापुढे दिवा जळायचा, त्या दिव्यातलं हे तेल. त्यात ना कसली मुळी, ना कापूर, ना गुप्त मंत्र. कॉलेजच्या दाराशी बसणारा ब्रदर आंद्रे (ब्रदर म्हणजे संघातला व्रतस्थ, धर्मगुरू नव्हे) ते दुखणाईताला द्यायचा, दुखऱ्या जागी चोळायला सांगायचा आणि वर बजावायचा की बरं करतो तो संत योसेफ. स्वतःला तो ‘संत योसेफाचा छोटा कुत्रा’ म्हणवून घ्यायचा.

हे नुसतं नम्रपणाचं बोलणं म्हणून सोडून दिलं तर या माणसाचं निम्मं काम कळत नाही. त्याची नम्रता स्वभावातली असेलही, पण ती कामाच्या पद्धतीतही होती. तेल त्याचं नव्हतं, पैसा त्याचा नव्हता, कोण बरं झालं हे ठरवायचा अधिकार त्याला नव्हता, आणि हे सगळं चालू ठेवायचं की बंद करायचं हेही त्याच्या हातात नव्हतं. बुवा होण्यासाठी लागणारं भांडवलच त्याच्यापाशी जमू दिलं गेलं नाही.

पूर्वायुष्य थोडक्यात. आंद्रेचं मूळ नाव आल्फ्रेड बेसेत, जन्म ९ ऑगस्ट १८४५, माँट्रियलच्या आग्नेयेकडचं एक खेडं. पोर इतकं अशक्त की जगेल असं वाटेना, म्हणून जन्मताच घरी घाईने बाप्तिस्मा दिला. वडील सुतारकाम आणि लाकूडतोड करायचे. १८५५ मध्ये अंगावर झाड पडून गेले. १८५७ मध्ये आई क्षयाने गेली, तेव्हा हा बारा वर्षांचा. पुढे मावशीच्या घरी आसरा. चांभारकी, बेकरी, लोहारकाम, शेतमजुरी असं सगळं करून पाहिलं. तब्येत कुठेच टिकू देईना. १८६३ ते १८६७ अमेरिकेत कनेटिकटच्या कापडगिरण्यांत राबला आणि तिथे इंग्रजी शिकला. शाळा जवळपास नाहीच. जेमतेम वाचता येई आणि सही करता येई.

१८७० मध्ये सँ-सेझेर गावच्या फादरांनी त्याला होली क्रॉस या कॅथॉलिक धर्मसंघाकडे पाठवलं. सोबत दिलेल्या पत्रात ‘मी तुमच्याकडे एक संत पाठवतो आहे’ अशा अर्थाचं वाक्य होतं. संघाला मात्र संतापेक्षा कामाला येणारा माणूस हवा होता. अशी तब्येत असलेला ब्रदर उद्या संघावरच भार होईल, म्हणून वरिष्ठ त्याला संघात सामावून घेणारं व्रत द्यायला कचरत होते. बिशप इग्नास बुर्जे मध्ये पडले, तेव्हा कुठे ऑगस्ट १८७२ मध्ये पहिली व्रतं झाली आणि २ फेब्रुवारी १८७४ ला कायमची. काम मिळालं दारवानाचं. नंतर तो गमतीने सांगायचा, संघात आलो तेव्हा मला दार दाखवलं, आणि मी तिथेच चाळीस वर्षं राहिलो.

‘कॉलेज’ या शब्दाने फसू नका. लहान मुलग्यांची ती निवासी शाळा होती. तिथला दारवान म्हणजे नुसतं दार उघडणारा नव्हे. घंटा वाजली की दार उघडायचं, पाहुण्याला बसवायचं, मुलाला वर्गातून बोलावून आणायचं, टपाल न्यायचं-आणायचं, फरशा पुसायच्या, दिवे साफ करायचे, कपडे धुवायला पोचते करायचे, आजारी मुलांपाशी बसायचं, आणि मुलांचे केस कापायचे. डोक्यामागे पाच सेंट मिळत. ही नाणी पुढे कामी येणार होती, म्हणून लक्षात ठेवा.

आजाऱ्यांचा सिलसिला या दाराशीच सुरू झाला. मुलांना भेटायला आलेले आईबाप दारवानाशी दोन शब्द बोलत, घरातलं दुखणं सांगत. तो ऐकून घेई आणि सांगे: संत योसेफाला नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) करा, हे तेल चोळा, हे पदक जवळ ठेवा. काहींना बरं वाटलं. त्यांनी दुसऱ्यांना सांगितलं.

तो सांगत असे त्याची रीत अशी होती. दुखऱ्या जागी तेल चोळायचं, किंवा संत योसेफाचं पदक त्या जागेवर घासायचं. प्रार्थना लागोपाठ नऊ दिवस, मध्ये खंड न पाडता; ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणानंतर शिष्य पेन्टेकॉस्टच्या सणापर्यंत प्रार्थनेत राहिले, त्यावरून हा नऊचा आकडा आला. सोबत फादरांकडे जाऊन पापनिवेदन करायचं आणि मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद) घ्यायचं. हे शेवटचं कलम लोक विसरतात, पण यात एक चाप आहे. आंद्रे धर्मगुरू नव्हता. पापनिवेदन ऐकणं, मिस्सा अर्पण करणं यातलं काहीच त्याला करता येत नव्हतं. म्हणजे त्याच्याकडे आलेल्या प्रत्येकाला तो आपल्यापासून दूर, चर्चच्या नेहमीच्या वाटेवर धाडत होता. आपल्याकडे ज्याला गादी म्हणतात, ती तयार होण्यापूर्वीच मोडायची ही सोय.

पुरुष आजारी असला तर कधी कधी तो स्वतः बराच वेळ चोळत बसे. बाईला मात्र हात लावत नसे. स्वतः चोळा किंवा घरच्या कुणाकडून चोळून घ्या, असं सांगे. त्या काळचं सोवळं म्हणून कुणी याला हसेल. पण बंद खोलीत बरं करण्याच्या नावाखाली काय काय चालतं, ते आपण वर्तमानपत्रांत वाचतोच. तेव्हा हा नियम कुठल्याही काळात शहाणपणाचाच.

आता तेलाविषयी थोडं सविस्तर, कारण गोंधळ तिथेच होतो. कॅथॉलिक चर्चमध्ये आजाऱ्याला लावायचं तेल दोन प्रकारचं असतं आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिलं संस्काराचं. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातल्या तैलविधीच्या मिस्सेत बिशप तीन तेलं सिद्ध करतात, त्यातलं एक आजाऱ्यांसाठी. याला आधार आहे याकोबाच्या पत्रातला (५:१४): कुणी आजारी असेल तर मंडळीच्या वडिलांना बोलवावं आणि त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. हे तेल फक्त धर्मगुरू लावू शकतो, आज कपाळाला आणि हातांना. जुन्या विधीत डोळे, कान, नाक, ओठ, हात, पाय असं लावत. ते ऑलिव्हचंच हवं हा नियम १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी सैल केला. जिथे ऑलिव्ह मिळत नाही तिथे दुसरं वनस्पती तेल चालतं. नवं तेल आलं की उरलेलं जुनं जाळून टाकतात.

दुसरं तेल भक्तीचं. एखाद्या संताच्या पुतळ्यापुढच्या दिव्यातलं, आशीर्वाद दिलेलं. हा संस्कार नव्हे. देवळातला अंगारा आणि वैदिक संस्कार यांत जो फरक आहे, साधारण तसाच. ब्रदर आंद्रेचं तेल या दुसऱ्या जातीचं.

गंमत अशी की तो आज असता, तर स्वतः तेल लावायला त्याला बहुधा मनाई झाली असती. १५ ऑगस्ट १९९७ च्या व्हॅटिकनच्या सूचनापत्रात साफ म्हटलं आहे की ज्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा नाही त्यांनी आजाऱ्यांच्या तेलानेच काय, दुसऱ्या कुठल्याही तेलाने अभ्यंग करू नये. कारण स्पष्ट आहे. पाहणाऱ्याला फरक कळत नाही. घरी कुणी भगत-ब्रदर तेल लावून गेला की कुटुंबाला वाटतं, झाला संस्कार. आणि खरा संस्कार द्यायला फादरांना कुणी बोलावतच नाही. स्वतःच्या हाताने भक्तीचं तेल लावून घ्यायला मात्र आडकाठी नाही.

त्याच्या पुढचं, २००० सालच्या सप्टेंबरमधलं दुसरं सूचनापत्र रोगमुक्तीच्या प्रार्थनासभांविषयी आहे. त्यात उन्माद, कृत्रिमपणा, नाटकीपणा आणि सनसनाटी यांना, विशेषतः सभा चालवणाऱ्यांकडून होणाऱ्या, थारा देऊ नये असं कलम आहे. वसई-मुंबई-गोव्याकडच्या काही सभांतले ध्वनिवर्धक आठवले की हे कलम वाचलं कुणी, असा प्रश्न पडतो.

तेल वापरताना काय चुकतं तेही सांगायला हवं. भक्तीचं तेल थेंबा-थेंबाने लावायचं असतं. ते प्यायचं नसतं. भाजलेल्या जागी, उघड्या जखमेवर, डोळ्यात किंवा तान्ह्याच्या कानात ते घालू नये. दिव्यातल्या तेलात काजळी आणि वातीचं जळकं सूत उतरतं, शिवाय तापलेलं तेल लवकर खवट होतं. तेव्हा गाळलेलं, झाकलेलं असेल तरच ठेवावं. आणि सर्वांत धोक्याची गोष्ट जोराने चोळण्याची. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली असेल तर आत रक्ताची गुठळी असू शकते, आणि चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. हाड मोडल्याची शंका असली तरी तेच. श्रद्धा कितीही पक्की असली तरी पोटरी आधी डॉक्टरला दाखवावी.

आंद्रेच्या काळातल्या डॉक्टरांपाशी किती थोडं होतं, हे विसरून त्याचा न्याय करता येत नाही. इन्सुलिन माणसाला पहिल्यांदा दिलं गेलं १९२२ मध्ये. क्षयावर चालणारं स्ट्रेप्टोमायसिन तो गेल्यानंतर आलं. पुष्कळ आजार आपोआप चढत-उतरत. दुखणं अगदी कळसाला पोचलं की माणूस बाहेर पडतो, आणि कळसानंतर उतार असतोच. वेदना, अंग आखडणं, मनाच्या धक्क्याने बसलेला आवाज किंवा लुळे पडलेले हातपाय यांवर विश्वासाचा, स्पर्शाचा, कुणी शांतपणे ऐकून घेण्याचा परिणाम होतो. या साऱ्यातून कितीतरी दावे सुटतात. सगळेच सुटतात असं मी म्हणणार नाही, आणि सगळेच चमत्कार होते असंही नाही.

गर्दी वाढली तशा कुरबुरीही वाढल्या. कॉलेजच्या डॉक्टरचा विरोध होता. पालकांची तक्रार रास्त होती: नाना रोगांची माणसं आमच्या मुलांच्या शाळेच्या दाराशी जमतात, संसर्ग झाला तर? चोळणारा म्हातारा म्हणून त्याची टवाळीही होई. वरिष्ठांनी तोडगा काढला. आजाऱ्यांना कॉलेजात आणायचं नाही. रस्त्यापलीकडे ट्रामचा निवारा आहे, तिथे भेटायचं. त्याने ऐकलं. पुढे १९१० च्या सुमाराला आर्चबिशप पॉल ब्रुशेसी यांनी चौकशी समिती नेमली. थांब म्हटलं तर थांबशील का, या प्रश्नाला त्याचं उत्तर होकाराचंच होतं. मग आर्चबिशपांनी चालू दिलं; देवाचं काम असेल तर टिकेल, नसेल तर कोसळेल, असा त्यांचा हिशेब.

आता ती पाच-पाच सेंटची नाणी. कॉलेजसमोरच्या डोंगरावर, माउंट रॉयलच्या उतारावर, संत योसेफाचं स्थान व्हावं ही त्याची ओढ जुनी. होली क्रॉस संघाने १८९६ मध्ये ती जमीन विकत घेतली. केस कापण्याचे पैसे आणि लोकांनी टाकलेली नाणी मिळून सुमारे दोनशे डॉलर जमले, आणि १९०४ च्या ऑक्टोबरात पहिलं चॅपेल उभं राहिलं: पंधरा बाय अठरा फूट. आपल्याकडच्या चाळीतली खोलीच म्हणा. आत मोजकी माणसं मावत, म्हणून दारं अशी केली की ती पूर्ण उघडली की बाहेर झाडांखाली उभ्या असलेल्यांना मिस्सा दिसे. लगेच ते अपुरं पडलं, वाढवत गेले. १९०९ मध्ये आंद्रेला दारवानकीतून मोकळं करून या जागेचा राखणदार नेमलं. १९१७ मध्ये हजार माणसं बसतील असं तळघर-चर्च झालं आणि १९२४ मध्ये वरच्या प्रचंड बॅसिलिकाची, म्हणजे मुख्य चर्चची, सुरुवात.

दिवसभर तो एका लहानशा कचेरीत बसे आणि रांग पुढे सरकत राही. प्रत्येकाला मिनिट-दोन मिनिटं. त्यामुळे तो तुटक बोले, चिडे. अंगभर कपडे नसलेल्या बाईला टोमणा मारी. संध्याकाळी कुणा स्नेह्याच्या मोटारीतून अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाई. पोटाचं दुखणं जन्माचं सोबती. पाण्यात मीठ घालून शिजवलेलं पीठ, भिजवलेला पाव, सूप एवढ्यावर भागवी. ज्याला दुसऱ्यांना बरं करणारा म्हणून लोक शोधत येत, त्याचं स्वतःचं पोट शेवटपर्यंत बरं झालं नाही. पत्रं वर्षाला ऐंशी हजारांच्या घरात येऊ लागली, त्यांची उत्तरं लिहायला चार लेखनिक लागत. अक्षराशी झुंजणाऱ्या माणसाच्या नावाने आलेली ही पत्रं. देणग्या थेट संघाकडे जात. दारिद्र्याचं व्रत घेतलेल्याला पावतीपुस्तक ठेवायची गरज नसते, हाही एक चाप.

डोंगरावरच्या या स्थानाला ओरेटरी म्हणतात; तिथे खांबांमधून कुबड्या, काठ्या, पायाचे आधार टांगलेले आहेत. पाहून माणूस थबकतो. पण कुबडी ही साक्ष म्हणून कच्ची असते. ती टाकून गेलेला सहा महिन्यांनी कसा चालत होता, आजार नेमका काय होता, हे कुबडी सांगत नाही. वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे हात-पाय, डोळे, घरं विकत मिळतात आणि मुख्यतः मागणं मागताना वाहिली जातात. सप्टेंबरच्या जत्रेत तर ढीग. माँट्रियलची कुबडी मागणं पुरं झाल्यावरची, वांद्र्याचा मेणाचा पाय त्याआधीचा. मेणाचा पाय निदान काही सिद्ध केल्याचा दावा तरी करत नाही, म्हणून मला तो जास्त प्रामाणिक वाटतो.

चर्च स्वतः कुबड्यांवर विसंबत नाही. संतपदासाठी चमत्कार मोजायचा तर निकष अठराव्या शतकात प्रॉस्पेरो लांबर्तिनी यांनी, म्हणजे पुढच्या पोप चौदाव्या बेनेडिक्ट यांनी, बांधून दिले: आजार गंभीर असावा, आपोआप उतरणीला लागलेला नसावा, औषध चाललेलं नसावं किंवा निष्फळ ठरलेलं असावं, बरं होणं अचानक, पूर्ण आणि टिकाऊ असावं. रोममध्ये डॉक्टरांचं मंडळ कागद तपासतं. २०१६ च्या नियमावलीनुसार सातांपैकी पाच किंवा सहांपैकी चार डॉक्टरांनी ‘वैद्यकाला उलगडत नाही’ असं म्हणायला हवं, आणि एक प्रकरण तीनपेक्षा जास्त वेळा पुढे आणता येत नाही. डॉक्टर ‘चमत्कार’ हा शब्द वापरत नाहीत. ते काम धर्मशास्त्र्यांचं. बहुतेक दावे इथे पोचतच नाहीत, कारण आधीचे कागद नसतात. घरी कुणाला असं काही वाटत असेल तर आधीचे आणि नंतरचे रिपोर्ट, फिल्म, औषधांच्या चिठ्ठ्या तारखेनिशी जपून ठेवा. आणि औषध बंद करून परीक्षा घेऊ नका.

आंद्रेच्या बाबतीत, जिवंतपणी त्याच्याशी जोडलेल्या हजारो कहाण्यांपैकी एकही यात धरली गेली नाही. मृत्यूनंतरच्या दोनच धरल्या: १९५८ मधला एका कर्करोग्याचा प्रसंग, ज्यावरून २३ मे १९८२ ला पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्याला धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, आणि १९९९ मध्ये सायकलवर असताना अपघातात डोक्याला जबर मार बसून बेशुद्ध पडलेल्या एका मुलाचा, ज्यावरून १७ ऑक्टोबर २०१० ला पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी संत.

मराठी वाचक विचारेल, आपल्याकडच्या कायद्यात हे कुठे बसतं? नुसती प्रार्थना, नोव्हेना, तेल यांना कुणी अडवत नाही. पण साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून रोखून मंत्र-गंडेदोरे करणं महाराष्ट्राच्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि कर्करोग, मधुमेह, फेफरं असे आजार जादूच्या उपायाने बरे करतो अशी जाहिरात देणं १९५४ च्या कायद्याने देशभर बंद आहे. ‘नोव्हेना कधीच निष्फळ जात नाही, इतक्या प्रती वाटा’ अशी चिठ्ठी हातात पडली तर खुशाल फाडून टाका. मोजून प्रती वाटण्याच्या अटीला चर्चची मान्यता नाही.

मंदीमुळे बॅसिलिकाचं काम १९३१ मध्ये थांबलं. छप्पर नसलेल्या भिंती उभ्या. नव्वदीतल्या आंद्रेने सुचवलं की संत योसेफाचा पुतळा त्या उघड्या बांधकामात नेऊन ठेवा. डोक्यावर छप्पर हवं असेल तर तोच बघेल. ६ जानेवारी १९३७ ला एक्क्याण्णवव्या वर्षी तो गेला. काम त्याच वर्षी पुन्हा सुरू झालं, घुमट १९४१ पर्यंत चढला, आतलं काम १९६७ पर्यंत चाललं. त्याचं हृदय वेगळं जतन करून ठेवलं होतं. ते मार्च १९७३ मध्ये चोरीला गेलं. चोरांनी पन्नास हजार डॉलर मागितले, ते दिले गेले नाहीत. डिसेंबर १९७४ मध्ये एका इमारतीच्या तळघरातल्या कपाटात ते सापडलं आणि आता जाळीआड आहे.

माँट्रियलला जाणार असाल तर भुयारी रेल्वेच्या स्नोडन किंवा कोत-दे-नेज स्थानकावर उतरा. खालून वर २८३ पायऱ्या. मधल्या ९९ लाकडी पायऱ्या गुडघ्यांनी चढणाऱ्यांसाठी राखीव आहेत, चालणाऱ्यांनी बाजूने जायचं. १९०४ चं चॅपेल आणि त्यावरची त्याची खोली मागच्या बाजूला जपून ठेवली आहे. घुमट पाहून दमलेली माणसं तिथवर जात नाहीत, म्हणून आधी तेच पाहा. गुडघे दुखत असतील तर वर न्यायला गाडी आहे.